खैरठाण्याचं बिनदाराचं वाचनालय

खैरठाण्याच्या वाचनालयाला दार नाही. चौकट आहे, गंजलेल्या बिजागऱ्या आहेत, दार तेवढं नाही. इथली पुस्तकं आता स्कॅन होऊन इंटरनेटवर गेली आहेत. तिथेही पासवर्ड नाही. कुणीही फुकट वाचावं. असं का, ते ग्रंथपाल सोनाबाई आडसूळ आल्यागेल्याला सांगतात. आम्हा कॉलेजच्या मुलींनाही त्यांनी पायरीवर बसवून सांगितलं.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या सालात, म्हणे, नरहरपंत देवस्थळी इथले ग्रंथपाल होते. पुस्तकांवर धूळ बसू देत नसत, आणि सभासद नसलेल्याला आत येऊ देत नसत. खालच्या गल्लीत माणसं पटापट मरायला लागली. तिथल्या राहीची लेक आजारी पडली. पटकीवर कुणा डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक वाचनालयात आहे, असं राहीच्या कानावर आलं होतं. ती दाराशी आली.

“तेवढं वाचून दाखवा, पंत. मी भाईरच उभी ऱ्हाते.”

“सभासदांसाठीच आहे ते. नियम आहे.”

“पुस्तकाला माझी पटकी लागंल व्हय?”

पंतांनी दार लावून घेतलं. ती तीन दिवस येत राहिली, असं सांगतात.

चौथ्या दिवशी आली नाही. पंतांना काही सुचेना. त्यांनी ते पुस्तक काढलं, तर पानं कडेला जोडलेलीच, छापखान्यातून आली तशी. नऊ वर्षं ते नुसतं जपलं होतं. उघडलं कुणीच नव्हतं. पंतांनी चाकूने पानं कापली. आत लिहिलं होतं, पाणी उकळून प्यावे.

पंत गल्लीत धावले. मायलेकी दोघीही गेल्या होत्या. खांदा द्यायला माणूस नव्हता. मग पंतांनी वाचनालयाचं दार उखडलं, दोघींना त्यावर ठेवून एकट्याने नदीपर्यंत ओढत नेलं आणि दारही चितेवर चढवलं. परत येऊन चौकटीत उभं राहून ते पान गल्लीकडे तोंड करून मोठ्याने वाचत राहिले, घसा फुटेपर्यंत. त्यानंतर गल्लीत कुणी मेलं नाही, म्हणे.

“मरायला उरलं होतं कोण?” सोनाबाई म्हणाल्या.

अजूनही नवं पुस्तक इंटरनेटवर चढवण्याआधी त्याचं एक पान चौकटीतून गल्लीकडे वाचलं जातं. गल्लीत आता पडलेल्या घरांची जोती आहेत आणि बाभळी. त्या दिवशी शेळीपालनाचं एक पुस्तक निघालं. सोनाबाईंनी ते माझ्या हातात दिलं. जंतांच्या औषधाचं पान होतं. समोर कुणीच नाही, म्हणून मी हळू वाचू लागले.

“मोठ्यानं!” सोनाबाई मागून ओरडल्या.

मी दचकले, आणि पान पहिल्यापासून वाचायला घेतलं.