शास्त्रीबुवांचा मोर

जगात आपल्याला ठाऊक नाही असं काहीच नाही, अशी कमळाकरशास्त्र्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनीच पसरवली होती. एकदा ते राजाकडे पंगतीला आले, सोवळ्याचं ओलं धोतर नेसून. पाट पाहून म्हणाले, "सर्वज्ञ एवढ्याशा पाटावर बसत नसतो." मग पाट पायानं सरकवून ते थेट रांगोळीवरच बसले.

जेवण झाल्यावर शास्त्रीबुवा पंगतीत येरझारा घालत गरजले, "मला अडवणारा एक प्रश्न विचारा. नाही जमलं, तर राजाच्या पंडितांनी माझी पालखी खांद्यावर घ्यायची."

पंडितांची तोंडं उतरली. तेवढ्यात वाढायला उभी असलेली राजाची आत्या वेणूबाई म्हणाली, "बुवा, तुमच्या पाटाशी मी रांगोळीचा मोर काढला होता. तो आता कुठं आहे?"

शास्त्रीबुवा हसले. "मोर हे कार्तिकेयाचं वाहन. तेव्हा तो कैलासावर."

पंगत हसून लोळायला लागली. राजाच्या नाकातून मठ्ठा आला.

"कैलासावर नाही, तुमच्या धोतरावर आहे. मागच्या बाजूला," वेणूबाईनं सांगितलं.

शास्त्रीबुवा गर्रकन वळले. मोरही वळला. ते डावीकडून फिरले, उजवीकडून फिरले, पण मोर काही दिसेना.

"राहू द्या, बुवा," वेणूबाई म्हणाली. "कितीही शिकलं तरी स्वतःची पाठ दुसऱ्याला विचारूनच कळते."

शास्त्रीबुवा थांबले. घाम पुसून त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी प्रश्न विचारला.

"आत्याबाई, पिसारा तरी नीट उमटलाय का हो?"