मागची गाडी

"महाराज, दीड किलोचा घेऊ की पावणेतीन किलोचा?"

सहजगीर महाराजांनी मान वर केली नाही. देवळाच्या ओवरीत ते मांडी घालून बसले होते, समोर येसूबा गुरव. दोघांच्या मध्ये फरशीच्या दगडात कोरलेला वाघ-बकरीचा पट. येसूबाकडे चिंचोके, त्या बकऱ्या. महाराजांकडे नदीतले काळे खडे, ते वाघ.

"काय घेतोयस? तूप?"

"लॅपटॉप."

"मग वजनावर का विचारतोयस?"

परागला हसू आलं नाही. फलटणहून मोटारसायकल दामटत तो आला होता, आणि वर हा सगळा डोंगर चढून. संध्याकाळपर्यंत कंपनीला उत्तर कळवायचं होतं. आणि इथे बघावं तर गुरुमहाराज चिंचोके खेळतायत.

"नोकरी फिरतीची आहे, महाराज. आज नाशिक, पुढच्या महिन्यात नागपूर, मग जिथे धाडतील तिथे. मशीन कंपनी देणार. कोणतं हवं ते मी सांगायचं."

"मग सांग की."

"एक हलका आहे. बॅगेत टाकला तर कळतही नाही. दिवसभर बॅटरी टिकते. माझ्या कामाला पुरून उरेल."

"आणि दुसरा?"

"तो गेमिंगचा. ताकदवान आहे, पण धोंडा. चार्जरच विटेएवढा. पंखा सुरू झाला की शेजारचा माणूस वळून बघतो. दोन तासांत बॅटरी झोपते."

"असला कोण घेतो?"

"तेच तर, महाराज. हलकाच घ्यायचा. ठरलंच आहे माझं."

महाराजांनी आता त्याच्याकडे पाहिलं.

"ठरलंय, तर मग डोंगर कशाला चढलास?"

...

पराग शेंडे महाराजांचा लाडका, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. मागे एकदा सत्संगात महाराज म्हणाले होते, जे खांद्यावर घेऊन चालता येत नाही ते साधूचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या, घरी गेले, पोटभर जेवले आणि झोपले. परागनं घरी जाऊन कपाट रिकामं केलं. दोन शर्ट, एक सतरंजी, एक बॅग. आई म्हणाली, अरे, निदान पांघरूण तरी राहू दे. पण ऐकतो कोण? पुढे भेटेल त्याला तो आपली बॅग दाखवत सुटला. माझा सगळा संसार एवढाच, म्हणायचा. हलकं होण्याचा त्याला भारी अभिमान चढला होता.

"तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो," तो म्हणाला.

"हलक्या लॅपटॉपला आशीर्वाद लागतो?"

येसूबानं एक चिंचोका उचलला, हवेत धरला, आणि परत होता तिथेच ठेवला. म्हाताऱ्याची चाल ठरत नव्हती. महाराजांना कसली घाई नव्हती.

"त्या जड मशीनवर खेळ कुठला खेळतात?" महाराजांनी विचारलं.

"कुठलाही. पुष्कळ असतात."

"तू कुठला खेळतोस?"

"मी नाही खेळत, महाराज. सोडलं."

"मग कोण खेळतं?"

"...अण्णा."

अण्णा म्हणजे परागचे वडील. फलटण डेपोत सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. डावं अंग गेलं. गिअरचा हात गेला, असं स्वतःच सांगायचे, तेही अडखळत, कारण जिभेवरही परिणाम झाला होता. घरच्यांनाच कळायचं ते बोलणं. बाहेरचा कुणी आला की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

"त्यांना काय करमणार म्हणून मीच कॉम्प्युटरवर ट्रकचा खेळ घालून दिला," पराग सांगू लागला. "टेबलाला स्टेअरिंग बसवून दिलं. एका हातानं जमतं. घाट आहेत, चढ आहेत, पाऊससुद्धा पडतो त्यात. अण्णा पहिल्यांदा बसले आणि वळणावर हॉर्न दिला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली."

"आणि तू?"

"माझी मागची गाडी."

"म्हणजे?"

"दोन ट्रक एकत्र नेता येतात. पुढे त्यांचा, मागे माझा. मी शेजारी बसायचो, माझ्या जुन्या मशीनवर. ते घाटमाथ्यावर पोचले की गाडी बाजूला घेतात, इंडिकेटर लावतात आणि आरशात बघत राहतात. माझी गाडी दिसली की मगच पुढे."

महाराज ऐकत होते.

"ते जुनं मशीन मेलं आता. फिरतीवर गेलो तर तो खेळ चालायला जडच लॅपटॉप लागेल. हलक्यावर चित्र अडकतं, गाडी पळतच नाही." पराग एकदम घाईनं बोलू लागला. "पण महाराज, खेळासाठी एवढं ओझं वाहायचं? गावोगाव? रोज संध्याकाळी लॉजवर बसून ट्रक चालवायचा? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, पण मीच मला काय म्हणू?"

"अण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, अण्णा, आता एकट्यानं चालवायची सवय करा."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पडद्यावरच्या आरशावर बोट ठेवलं."

...

येसूबा अजून पटाकडेच बघत होता. ओवरीत एक कुत्रं आलं, महाराजांच्या पायाशी गोल फिरून झोपलं.

"नंतर?" महाराज म्हणाले.

"नंतर मी ट्रेनिंगला पुण्याला गेलो. आईचा फोन आला. म्हणाली, कॉम्प्युटर बिघडलाय रे, अण्णांची गाडी नुसती घुर्रघुर्र करते, पुढे जात नाही. तिनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो बघून गेला, काही बिघाड नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं पुन्हा बोलावलं."

"बिघाड नव्हता."

"नव्हता..." परागनं खाली पाहिलं. "अण्णा घाटमाथ्यावर थांबले होते. इंजिन चालू ठेवून."

"आईला सांगितलंस?"

"नाही सांगितलं. सांगायला तोंड होतं कुठे?"

एवढं बोलून त्यानं कुणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला नजर टाकली. त्यानं लगेच स्वतःला सावरलं. मोठ्या माणसाला शरण जाण्यापेक्षा त्याच्याशी वाद घालणं सोपं असतं.

"पण हा मोहच ना, महाराज? त्यांचाही आणि माझाही. तुम्हीच म्हणाला होता, जे खांद्यावर घेऊन चालता येत नाही ते साधूचं नाही."

"म्हणालो होतो."

"मग?"

"हा पट उचल बघू," महाराज म्हणाले.

"कोणता?"

"हाच. खांद्यावर घे आणि चार पावलं चाल."

पराग वाकला. त्यानं खरंच फरशीच्या कडेला बोटं लावली. मग ओशाळला.

"हा तर देवळातच कोरलाय, महाराज."

"हं. मीही पहिल्या दिवशी बघितलं उचलून."

परागनं बोटं काढून घेतली. महाराज फिरते गोसावी, एका गावात तीन रात्रींच्या वर राहायचे नाहीत, हे त्यानं थोरामोठ्यांकडून ऐकलं होतं. या डोंगरावर ते एका रात्रीपुरते आले आणि राहिले ते राहिलेच. गावात त्यावर बरीच टवाळी चाले. साधू भाकरीला चटावला, म्हणत. परागनं ती टवाळी कधी केली नव्हती, पण मनातल्या मनात त्यालाही कोडं पडलंच होतं.

"मी आलो तेव्हा हा असाच बसलेला," महाराजांनी येसूबाकडे हनुवटी केली. "एकटाच. याची बायको गेली होती. दोघं दुपारी इथं खेळायची. ती गेल्यावरही हा रोज डाव मांडायचा, आणि बसायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही. लेक यायची, रडायची, जायची."

"आणि?"

"मी विचारलं, चाल कुणाची आहे. यानं समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं."

...

"म्हटलं, तिची एक चाल करतो आणि निघतो," महाराज म्हणाले.

येसूबानं मान वर केली. सगळं ऐकू येत होतं म्हाताऱ्याला. परागकडे बघून तो हसला, दात नसलेलं, लहान मुलासारखं. मग पुन्हा पटाकडे वळला.

पराग खांबाला टेकून उभा राहिला. खाली नीरेचं पात्र दिसत होतं आणि पलीकडच्या रस्त्यानं एक लाल गाडी चढाला लागली होती.

"जड आहे हो पण," तो शेवटी म्हणाला. वाद घालायचा म्हणून नव्हे, नुसतंच.

"झटका आल्यावर अण्णांना आंघोळीला कोण न्यायचं?"

"मीच. उचलून."

"किती भरायचे?"

पराग आठवू लागला. मोरीचा उंबरठा आठवला, अण्णांचा उजवा हात मानेला घट्ट धरलेला आठवला, साबणाचा वास आठवला. वजन काही केल्या आठवेना.

"...लक्षच नाही गेलं कधी."

महाराजांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पराग दीपमाळेपाशी गेला. तिथे जरा रेंज यायची. त्यानं फोनवर कंपनीला दोन ओळी लिहिल्या आणि धाडल्या. मग घरी फोन लावला.

"आई, अण्णा काय करतायत?"

"काय करणार? बसलेत त्या गाडीत. आज त्या दुरुस्तीवाल्याला पुन्हा..."

"नको बोलावू. फोन त्यांच्या कानाला लाव."

पलीकडून इंजिनाची घुर्रघुर्र ऐकू आली. त्यामागे अण्णांचा श्वास.

"अण्णा, मी नवीन गाडी घेतोय. यायला आठवडा लागेल. तोवर गाडी बंद करून निवांत झोपा. मी येतोय मागून."

अण्णा काहीतरी बोलले. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. परागला कळलं. त्यानं फोन खिशात ठेवला आणि बाहीनं डोळे पुसले, आणि या वेळी कुणी पाहिलं का ते बघितलं नाही.

परत येऊन त्यानं महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. मग येसूबाच्याही. म्हाताऱ्यानं दचकून पाय आखडले.

"काय म्हणाले अण्णा?" महाराजांनी विचारलं.

"सावकाश ये म्हणाले. घाटात ओव्हरटेक करू नकोस म्हणाले."

महाराज खुदकन हसले.

परागनं चपला घातल्या. दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. इतकी वर्षं मनात असलेलं, विचारायचं धाडस न झालेलं, ते आज सहज तोंडून निघालं.

"महाराज, आणि तुम्ही? तुम्ही इथून पुढे कधी निघणार?"

येसूबाचं बोट एका चिंचोक्यावर टेकलेलं होतं. त्यानं तो उचललाही नाही, सोडलाही नाही. ऊन ओवरीच्या आत सरकलं होतं.

महाराजांनी आवाज हळू केला, म्हाताऱ्याचं लक्ष उडू नये म्हणून.

"चाल त्याची आहे."