तळ्याकाठी वाम्या

“पण स्वामीजी, संन्याशाला बहीण असते का?”

ऋतानंदानं हे विचारलं, तेव्हा स्वामी अमलानंद शेंगा सोलत होते.

ठाण्यातल्या एका तळ्याकाठची बाग होती ती. हिवाळ्यातली कलती दुपार. फाटकाबाहेर रस्ता वाहत होता, पण त्याचा कल्ला झाडांच्या रांगेपाशी येऊन विरत होता. पाण्यालगतच्या बाकावर स्वामी बसले होते आणि त्यांच्या शेजारी, अंगाभोवती शाल लपेटून, त्यांची थोरली बहीण. द्वारकाअक्का.

 सोललेले दाणे स्वामींनी अक्कांच्या तळहातावर ठेवले.

अक्का ते एकेक करून खाऊ लागल्या.

ऋतानंद उभाच होता. नर्मदेकाठच्या आश्रमातला तो स्वामींचा पट्टशिष्य. बोलण्यात धार होती, पाठांतर चोख होतं. हल्ली त्याची प्रवचनं ऐकायला मोठमोठी सभागृहं भरत. त्या संध्याकाळीही याच शहरात त्याचं प्रवचन ठरलेलं होतं. पण त्याआधी तो इथं आला होता तो गुरूंना परत न्यायला.

स्वामी आश्रमातून निघाले, त्याला आता बरेच महिने झाले होते. भाच्याचा फोन आला होता. आईला सगळ्याचा विसर पडलाय, असं तो सांगत होता. ती मला ओळखत नाही, बाबा गेल्याचं तिला आठवत नाही, राहतं घरही तिला परकं वाटतं. एकच गोष्ट तेवढी डोक्यात राहिली आहे. दारात उभी राहते आणि विचारते, वाम्या कुठं आहे? अजून जेवायला कसा आला नाही? आणि तो येईपर्यंत स्वतः घास घेत नाही.

स्वामींनी फोन ठेवला आणि जाऊन येतो म्हणाले. ते आलेच नाहीत.

वाम्या हे त्यांचंच नाव. वामन. दीक्षेच्या दिवशी त्यांनी नदीत उभं राहून स्वतःचं श्राद्ध केलं होतं आणि ते नाव तिथंच सोडून दिलं होतं. पूर्वाश्रमीच्या नावाला संन्याशानं ओ देऊ नये, हा आश्रमाचा नियम. तो घालून देणारेही तेच.

“वाम्या,” अक्का म्हणाल्या.

“ओ,” स्वामी म्हणाले.

ऋतानंदानं मान फिरवली.

“त्या पक्ष्याचं नाव काय रे?”

“पाणकावळा, अक्का.”

“पंख का पसरलेत त्यानं?”

“वाळवतोय.”

अक्कांचं समाधान झालं. तळ्याच्या मधोमध एका खांबावर तो काळा पक्षी पंख उघडून बसला होता. उन्हाची तिरीप पाण्यावरून त्याच्यापर्यंत पोचली होती. पलीकडच्या काठावरच्या उंच इमारती पाण्यात उलट्या उभ्या होत्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की हलत होत्या...

ऋतानंदानं आवाज खाली आणला. त्यानं आश्रमाची हकिकत सांगितली. साधक विचारतात, स्वामीजी कधी येणार. काही जण तर उघडच कुजबुजतात, की म्हातारपणी मोह सुटला नाही. मी त्यांना काय सांगू? आयुष्यभर तुम्ही आम्हाला शिकवलंत की मागचं आठवणं म्हणजे मागं चालणं. आणि आता तुम्ही रोज दुपारी एका बागेत येऊन बसता, शेंगा खाता, पक्षी बघता.

“बाग छान आहे,” स्वामी म्हणाले.

“स्वामीजी...”

“तू बघितली नाहीस अजून.”

मग स्वामी थोडं बोलले. फारसं नाही. त्यांचे वडील, अण्णा, छापखान्यात रात्रपाळीला खिळे जुळवायचे. दुपारी घरी झोपायचे. घर म्हणजे एकच खोली. पोरांचा आवाज झाला की त्यांची झोप मोडायची, म्हणून आई जेवण झालं रे झालं की दोघांना बाहेर काढायची. अक्का धाकट्या भावाचं बोट धरून इथं आणायची. तेव्हा बाग नव्हती. कठडा नव्हता, बाक नव्हते. काठावर कपडे धुवायचे दगड होते, ते दुपारी मोकळे असायचे. चिंचेखाली म्हशी बसायच्या. कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब ठेवून तो इकडून तिकडे फिरवायचा, हा त्यांचा खेळ. अक्का गाणी म्हणायची. घरात तिला कधी गाता आलं नाही, म्हणून सगळी गाणी तिनं इथंच म्हटली.

“सगळी,” स्वामी पुन्हा म्हणाले, आणि थांबले.

“मग तुम्हाला ते दिवस परत हवेत?” ऋतानंदानं विचारलं. प्रश्नात धार होती.

“हो.”

एवढं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.  इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवलेलं काहीतरी त्याच्या छातीत उलगडलं.

“माझी आई आजारी होती,” तो म्हणाला.

स्वामींनी शेंग खाली ठेवली.

“गावाहून निरोप आला होता. मी तुम्हाला विचारलं, जाऊ का. तुम्ही म्हणालात, कोणाची आई? मी गेलो नाही. ती गेली, तेव्हाही गेलो नाही. त्या दिवशी मी उपनिषदावर प्रवचन केलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीत. आठवतं तुम्हाला? मी ते पदकासारखं मिरवलं. आणि आता तुम्ही...” त्याचा आवाज चढत गेला. “आता तुम्ही इथं बहिणीला दाणे भरवताय.”

“हळू बोल,” अक्का म्हणाल्या. “अण्णा झोपलेत.”

ऋतानंद थबकला. ओठावर बोट ठेवून अक्का त्याच्याकडे बघत होत्या. रागावून नव्हे. एखाद्या दंगेखोर पोराला पाठीशी घालत गप्प करावं, तसं.

 फिरायला आलेलं एक जोडपं मागच्या वाटेनं गेलं. त्यांच्या पावलांचा आवाज दूर होत होत मिटला...

“तुझ्या आईचं नाव काय होतं?” स्वामींनी विचारलं.

ऋतानंद त्यांच्याकडे बघत राहिला. आश्रमात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे. इतक्या वर्षांत स्वामींनी तो कधीच विचारला नव्हता.

“बोल.”

त्यानं तोंड उघडलं. नाव लगेच आलं नाही. विसरला होता असं नाही. ते उच्चारायची जिभेची सवय गेली होती.

“गोदा,” तो म्हणाला. “गोदावरी.”

“गोदेचा का तू?”

हे अक्कांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. गोदा म्हणजे सिंगाडे काढायला गुडघाभर पाण्यात उतरायची तीच ना? नऊवारीचा काचा मारून? त्या सांगत सुटल्या. गोदा कशी हसायची, पाण्यातून हाका कशी मारायची, ओंजळभर सिंगाडे या दोघांसाठी काठावर कशी ठेवून जायची. वाम्याला तिनं एकदा खांद्यावर घेऊन घरी कसं पोचवलं होतं.

ऋतानंदाच्या आईनं हे तळं कधी पाहिलं नव्हतं. ती सोलापूरकडच्या एका कोरड्या गावात जन्मली आणि तिथंच गेली. पाण्याचं हे एवढं सुख तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

“गोदेचाच ना तू?” अक्कांनी पुन्हा विचारलं.

सत्यावर दोन दोन तास बोलणारा ऋतानंद... त्यानं स्वामींकडे पाहिलं. स्वामी पाण्याकडे बघत होते.

“होय,” तो म्हणाला. “गोदेचाच.”

“मग उभा कशाला? बस की.”

अक्का सरकल्या आणि त्यांनी बाकावर जागा केली. तो बसला. त्यांनी आपल्या तळहातावरचे उरलेले दाणे त्याच्या हातावर ठेवले आणि त्याची बोटं स्वतः मिटवली.

त्यानं ते खाल्ले. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. अक्कांनी शालीच्या टोकानं पुसलं. बाजूच्या झाडावर बुलबुल आले होते, तिकडे बघत, अगदी सहज. जणू हे काम रोजचंच.

झोळीतला फोन वाजू लागला. सभागृहात लोक जमू लागले असतील. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. ऋतानंदानं फोन काढून बंद केला.



ऊन पाण्यावरून उतरून पलीकडच्या इमारतींच्या काचांवर चढलं. पाणकावळ्यानं पंख मिटले. हंसाच्या आकाराच्या होड्या धक्क्याला बांधून ठेवल्या होत्या, त्या एकमेकींना हलकेच टेकत होत्या. कुणीतरी पाव टाकला आणि पाण्यावर क्षणभर माशांची तोंडं उमटली. गवत नुकतंच कापलेलं होतं, त्याचा वास येत होता. एवढ्या मोठ्या शहरात इतकी शांतता असू शकते, हे ऋतानंदाला माहीत नव्हतं. आश्रमात शांतता पाळावी लागे. इथं ती नुसती होती.

अक्का गुणगुणायला लागल्या. गाण्याचे शब्द बहुतेक हरवले होते, चाल तेवढी शाबूत होती. जिथं शब्द सापडत नव्हता तिथं स्वामी हलक्या आवाजात तो पुरवत होते. त्यांना सगळी गाणी पाठ होती. नदीत नाव सोडून दिलेल्या माणसाला...

ऋतानंद ऐकत राहिला. त्याला वाटलं, आईही जात्यावर काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते त्यानं आठवून पाहिलं. एक ओळ आली. अर्धी होती, पण आली.

बागेतले दिवे लागले. भाचा रस्ता ओलांडून येताना दिसला. अक्कांना घरी न्यायला तो रोज या वेळी येत असे. अक्कांनी त्याच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. मग वाम्याचा हात घट्ट धरला आणि त्या उठल्या.

चालता चालता ऋतानंद स्वामींच्या बरोबरीला आला. त्याच्या बोलण्यातली धार आता गेली होती. भाच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यानं विचारलं. अक्का आज मुलाला विसरल्या आहेत, घराला विसरल्या आहेत. हे दुखणं इथंच थांबणारं नाही. उद्या त्या वाम्यालाही विसरतील.

“त्या दिवशी परत याल, स्वामीजी?”

स्वामी चालत राहिले. अक्कांची शाल खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी नीट केली. तळ्यावरून गार वारा आला.

“कुणीच तुम्हाला त्या नावानं हाक मारणार नाही,” ऋतानंद म्हणाला. “त्या दिवशी काय कराल?”

स्वामी थांबले. अक्काही थांबल्या.

“त्या दिवशी...” स्वामी म्हणाले, “माझा संन्यास पुरा होईल.”