चार पानांचा शोधनिबंध

पीएचडी करणाऱ्या विशाखा डोईफोडेने वर्षभर सॉफ्टवेअर कंपन्यांत बसून एक गोष्ट ताडली होती. बैठकीत साहेब आधी बोलले, की चूक दिसत असूनही कुणी तोंड उघडत नाही. त्यावर तिने परिषदेसाठी चार पानांचा शोधनिबंध लिहिला. तो पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि विभागप्रमुख डॉ. रत्नपारखी काही सही करेनात.

त्यांनी विभागाच्या भर बैठकीत निबंध टेबलावर टाकला. "चार पानांत कसलं आलंय संशोधन? आणि निष्कर्ष तर साफ खोटा. आपल्या विभागात सगळे मोकळेपणाने बोलतात. कुणाला वेगळं वाटतं का?"

अकरा प्राध्यापक आपापल्या चहाच्या कपात बघत बसले.

"बघ," सर म्हणाले, "एकही माणूस बोलला नाही."

"हो सर," विशाखा शांतपणे म्हणाली. "हेच दाखवायला मला चार पानं लागली. तुम्ही एका प्रश्नात दाखवलंत."

कोपऱ्यातल्या खेडेकर बाईंना हसू आवरेना. बघता बघता ते टेबलभर पसरलं.

रत्नपारखींनी पेन काढून सही केली. कागद परत देताना ते हळू आवाजात म्हणाले, "परिषदेत हे उदाहरण देशील, तेव्हा विभागाचं नाव तेवढं सांगू नकोस."