शेरपाड्याच्या हाका

शेरपाड्याचा बोहाडा बघायला आता लांबून पाहुणे येतात. मुखवटे चढवून देवादैत्यांची सोंगं नाचतात, संबळ घुमतो, पुढच्या रांगेत पोरं भोपळ्याचे खुळखुळे आणि बांबूच्या पिपाण्या वाजवतात. तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे खूश. मग दिवस मावळताना वाद्यं थांबतात. गावातल्या बायका रानाकडे तोंड करून उभ्या राहतात आणि पुरुषांच्या नावांनी हाका मारू लागतात, एरवी नवऱ्याचं नाव ओठांवर न आणणाऱ्या आज्यासुद्धा. पाहुण्यांना वाटतं, हाही खेळातलाच भाग, नि ते हसतात. हसोत बापडे.

पोरांच्या हाती वाद्यं पहिल्यांदा दिली ती फार वर्षांपूर्वी, याच गावातल्या नवशीच्या नवऱ्यानं, असं सांगतात. वाळका भोपळा दिसला की त्यात खडे भरून वाजवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "देवाच्या कामात पोरखेळ कशाला?" म्हणून जुनी खोडं कुरकुरली. पण पोरांच्या तालावर त्याचं राक्षसाचं सोंग ठेचकाळून पडलं, तेव्हा तीच खोडं पोट धरून हसली म्हणे.

एका वर्षी बोहाडा तोंडावर आला आणि त्यांची एकुलती एक लेक जिवली तापानं फणफणली. झाडपाला झाला, उतारे झाले. शेवटी बापानं देवीपुढं नवस केला: पोर उठून बसेपर्यंत मुखवटा उतरवणार नाही, नाच थांबवणार नाही.

सोंगाचा एक नियम आहे. मुखवटा चढला की आतला माणूस माणूस राहत नाही, त्याला नावानं हाक मारायची नाही. नवशीला हे का ठाऊक नव्हतं? तिनं तर लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पण रात्र गेली, दिवस कलला, पोर डोळे उघडेना आणि त्याच्या नाचत्या पावलांखालची माती रक्तानं लाल झाली. पोरही जाणार नि हाही जाणार, या भयानं तिचा जीव फाटला. तिनं नाव घेऊन हाक मारली.

तो थबकला. मुखवटा तिच्याकडे वळला. तेवढ्यात तिच्या मांडीवर जिवलीचा श्वास अडकला.

"नाच रे बाबा," भगत कळवळून म्हणाला. "सोंगाला हाक लागली. आता गावात नाच नाही. रानात जा, नि मागं बघू नको."

तो नाचत रानात शिरला. घुंगरू लांब गेले, तशी जिवली उठून बसली आणि तिनं खुळखुळा मागितला.

तो परतला नाही. पुढच्या बोहाड्याला रानाच्या कडेला घुंगरू वाजले. नवशी धावली, तर भगतानं वाट अडवली. "हाक मारलीस तर येईल तो. पण हाकेनं नवस मोडला; आता नाच थांबला की पोरीचा श्वासबी थांबंल."

नवशीनं पदर तोंडात कोंबला. मरेपर्यंत दर बोहाड्याला ती तशीच बसली. कुणाच्या तोंडून चुकून निघू नये म्हणून गावानंही ते नाव टाकलं. जिवलीलाही कुणी सांगितलं नाही.

जिवली नातवंडं-पतवंडं बघून, पिकलं पान गळावं तशी गेली. आता त्याला बोलवायला कशाचीच आडकाठी नव्हती. पण नाव कुणालाच आठवेना.

म्हणून आजही बायका ठाऊक असतील ती सगळी नावं घेतात. नवऱ्यांची, सासऱ्यांची, पाळण्यातल्या पोरांचीसुद्धा. न जाणो, एखादं त्याचं असेल. नावं संपली की सगळा गाव कान देतो. पाहुण्यांचं हसूही तोवर मावळलेलं असतं. रानाच्या कडेला घुंगरू वाजतच असतात.