मठासाठी विजेची पेटी

"...मग हजार वॅट-तासांची घ्यायची की दोन हजारांची, एवढंच सांगा, महाराज."

शंभूगिरी महाराज भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सकाळपासून दोनदा वीज गेली होती.

कौस्तुभ इंजिनिअर होऊन वर्षापूर्वी घाटमाथ्यावरच्या या मठात आला होता. महाराजांचे गुरुबंधू नागेशबुवा अंथरुणाला खिळलेले. त्यांना अष्टौप्रहर ऑक्सिजन लागे आणि तो देणारं यंत्र विजेवर चाले. वीज गेली तरी ते चालू राहावं म्हणून मोठ्या बॅटरीची पेटी घ्यायची होती. निवड कौस्तुभवर सोपवली होती.

त्याला तीन आठवडे झाले.

त्यानं तक्ता वाचून दाखवला. एकोणीस पेट्या. ही हलकी, पण अडीच तासांत संपणार. ती पाच तास पुरेल, पण बावीस किलोंची, हलवायची कुणी? तिसरीला सौर पॅनेल जोडता येतं. चौथीची बॅटरी दहा वर्षं टिकते...

"दहा वर्षं," महाराज म्हणाले. "नागेशला सांग. हसेल बिचारा."

कौस्तुभला ते लागलं. चुकीची वस्तू गळ्यात पडू नये म्हणूनच तर तो एवढा झटत होता.

वीज एका वेळी किती वेळ जाते, महाराजांनी विचारलं. फार तर दोन तास, तो म्हणाला.

"मग अडीच तासांची पुरत नाही?"

"पुरते. पण पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय..."



तेवढ्यात पंखा थांबला. आतल्या खोलीतलं यंत्र चिरक्या आवाजात ओरडू लागलं.

सवयीनं कौस्तुभनं महाराजांकडे पाहिलं. तीन आठवडे वीज गेली की ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला तेच उठत. ते जागचे हलले नाहीत.

"आज तू जा."

आत बुवांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कोपऱ्यात सिलिंडर उभा होता. कौस्तुभनं नळी यंत्रातून काढून त्याला जोडली. चावी फिरवली. फिरेना. उलट्या बाजूनं जोर लावला. ती नेमकी कुठल्या बाजूला फिरते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. बुवांचे ओठ काळसर पडू लागले...

मागून एक सुरकुतलेला हात आला. त्यानं चावीवर तळव्यानं थाप मारली आणि ती डावीकडे वळवली. नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठले.

बुवांचा श्वास ठिकाणावर आला.

"आजच मागवतो," कौस्तुभ पुटपुटला. "अडीच तासांची."

महाराज चौकटीला धरून हळूहळू खाली बसले. त्यांनाही धाप लागली होती. त्यांनी तक्ता मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"यात विसावं यंत्र राहिलं की रे. तीन आठवडे तेच चालतंय... त्याची वॉरंटी पाहिलीस?"