गादीवरची शिंक

"मग हिला शाळेत धाडायचं कशाला... पोरांसमोर भिजायला?"

दाजीबा मठाच्या ओट्यावर उभे राहून विचारत होते. नातीच्या देखत. वडीलधाऱ्यांना पोरांचे कान दिसत नाहीत.

राही नऊ वर्षांची. मज्जारज्जूतली गाठ काढल्यावर ती पुन्हा चालायला लागली, पण शिंकलं, खोकलं की लघवी सुटायची. सोमवारी तिला शाळेत जायचं होतं. डायपरशिवाय.

मठाच्या प्रमुख अक्का गादीवर बसून वाती वळत होत्या.

"व्यायाम करतेस ना गं?"

"रोज. फिजिओताईंनी शिकवला तसा. लघवी अडवतो तिथलं आवळायचं, वर उचलायचं, सोडायचं. पोट ढिलं. श्वास चालू."

"शी!" दाजीबा ओरडले. "चारचौघांत काय बोलतेस?"

"तुम्ही त्यालाच मूलबंध म्हणता," अक्का म्हणाल्या. "पोथीतून मोठ्यानं वाचता की."

"ती साधना आहे, अक्का! चाळीस वर्षं करतोय मी. आणि हे... पोरीचे मुताचे प्रकार!"

अक्कांनी हातातली वात थांबवली.

"राही, डायपर काढून ये."

राही भिंत धरून आत गेली. भिंत धरून परत आली.

अक्का उठल्या. पांढरीशुभ्र गादी. मठाच्या प्रमुखाशिवाय तिच्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं.

"बस."

"अहो, गादी बाटेल!"

राही बसली.

अक्कांनी तिच्या हातात वात दिली. "घाल नाकात."

राहीनं आजोबांकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. मग वात नाकात फिरवली.

नाक फुरफुरलं...

"आवळलं," ती पुटपुटली.

शिंक आली ती अशी, की ओट्यावरचे पारवे उडाले. मागोमाग दुसरी. मग तिसरी, सगळ्यांत मोठी.



राही उठली. वळली. दोन्ही तळवे गादीवरून फिरवले.

"कोरडी! अक्का, कोरडी आहे! आजोबा, हात लावून बघा!"

दाजीबा वाकले. बोट लावलं. दुसरीकडे लावलं. तिसरीकडे.

"एकदा जमलं म्हणून काय झालं..."

अक्कांनी नवी वात वळली आणि त्यांच्यापुढे धरली.

"या दाजीबा. आता तुम्ही बसा."